पावणेतीनचं माप

"आज्जी, शाळा किती शिकलासा?" असं कोणी विचारलं, तर गंगव्वा बिनदिक्कत सांगायची, "सव्वादोन, अडीच, पावणेतीन. झाली माझी शाळा."

ही बांगड्यांची मापं. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या आतल्या बोळात तिचं बांगड्यांचं दुकान होतं, दहा बाय आठचं, आणि त्यातली निम्मी जागा डब्यांनीच खाल्लेली. गडहिंग्लजहून लग्न होऊन ती इथं आली अठराव्या वर्षी. तेव्हापासून पन्नास वर्षं ती एकाच गादीवर बसून लोकांचे हात बघत होती. गिऱ्हाईक पायरी चढून "बांगड्या..." एवढं म्हणेपर्यंत तिने बरोबर मापाचा डबा ओढलेला असायचा. माप विचारायचं नाही, हा तिच्या सासऱ्याने घालून दिलेला नियम होता.

"डाक्टर कधी इचारतोय व्हय, तुला कुठला रोग झालाय म्हणून?" असं ती म्हणायची.

"इचारतोय की," तिची सून दानेश्वरी आतून सांगायची. "पयलं तेच इचारतोय."

सून तोंडाने फटकळ होती, पण कामाला वाघीण. सासूला ती गडहिंग्लजकडच्या रीतीने 'अत्ती' म्हणायची. दोघींचं दिवसातून चार वेळा वाजायचं आणि पाचव्या वेळी दोघी एकाच ताटलीतला चिवडा खायच्या. वीस-पंचवीस वर्षं असंच चाललं होतं. मग गेल्या वैशाखात ती गोष्ट घडली.

एका लग्नघरात गंगव्वा नवरीचा हिरवा चुडा भरायला गेली होती. हजारभर चुडे भरलेली बाई. पण त्या दिवशी एक बांगडी तडकली, मग दुसरी, मग तिसरी. नवरीच्या हाताला रक्त आलं. बांगडी फुटली असं आपल्याकडे कोणी म्हणत नाही, वाढवली म्हणतात. पण शब्द बदलला म्हणून नवरीच्या आईचं तोंड उतरायचं थोडंच राहतं? आठ दिवसांत बोळभर झालं, की म्हातारीचा हात गेला. गंगव्वाला स्वतःलाच कळत नव्हतं, कसं झालं ते. डोळे तर मोतीबिंदू काढून स्वच्छ झालेले. मग हातच गेला असणार, असं तिने मनाशी धरून टाकलं.

दानेश्वरीने बाजारातून मापाच्या कड्यांचा जुडगा आणला. एकेक कडं गिऱ्हाइकाच्या हातात घालून बघायचं आणि मग बांगडी काढायची. त्या दिवसापासून गादीवर सून बसू लागली आणि सासू मागे बसून डबे पुसू लागली. कोणी तिला ऊठ म्हटलं नव्हतं. ती आपणच उठली होती, आणि तेच जास्त लागत होतं.

अशात नात स्नेहलचं लग्न ठरलं. मुलगा श्रीशैल, गडहिंग्लजचा, बिद्रीच्या साखर कारखान्यात केमिस्ट. पोरगा गुणी होता. पसंतीच्या दिवशी गंगव्वाच्या पाया पडला तेव्हा तिने त्याला हाताला धरून उठवलं आणि तेवढ्यात तो हात तिने नीट चाचपून घेतला. ही तिची जन्माची खोड. माणसांची नावं ती विसरायची, हात कधी विसरायची नाही.

गंगव्वाच्या घरात नातीचा, लेकीचा चुडा घरातल्या आज्जीनेच भरायचा अशी रीत होती. यावेळी मात्र त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं. एकदा दानेश्वरी फोनवर कोणाला तरी विचारत होती, "चुड्याला सांगलीचं ते कासार येतील काय?" गंगव्वाने ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. स्नेहलचा तान्हेपणीचा हात तिने पहिल्यांदा धरला होता, पहिली काळ्या मण्यांची मनगटी तिने बांधली होती. आणि चुडा सांगलीचा परका माणूस भरणार?

साखरपुड्यात जावयाला घड्याळ द्यायचं ठरलं होतं. स्नेहलने ते मोबाइलवरून मागवूनही टाकलं, चांगली गोल निळी तबकडी आणि स्टीलची साखळी. पण श्रीशैलने फोनवर बघून हात जोडले.

"साखळी नको गं. स्टीलनं मला पुरळ उठतंय. चामड्याचा पट्टा बघ आणि जरा बसणारा बघ. माझं घड्याळ कायम फिरून आत येतंय. येळ बघायला भीक मागितल्यागत हात पसराय लागतोय."

म्हणून आज्जी, आई आणि नात अशा तिघी घड्याळाच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने काचेवर पट्ट्यांची रांग मांडली. काळे, तपकिरी, मगरीच्या खवल्यांसारखे नक्षीवाले. गंगव्वाने एक उचलला, दुमडला, नखाने खरवडला, नाकाला लावला आणि खाली ठेवला.

"ह्यो पुठ्ठा हाय."

"आज्जी, जेन्युइन लेदर हाय ते," दुकानदार दुखावला. "मागं बघा, लिवलंय."

"लिवलंय म्हणूनच म्हणते. खऱ्या म्हशीच्या पाठीवर म्हैस म्हणून लिवाय लागत न्हाय."

स्नेहल फिदीफिदी हसली. दुकानदाराने दुसरे दोन दाखवले. एक इतका कडक होता की दुमडला तर तुटेल आणि दुसऱ्याचा रंग तिच्या बोटाला लागला. आता दुकानदाराच्या लक्षात आलं, की ही म्हातारी काही सरळ गिऱ्हाईक नाही. त्याने विषय बदलला. "मनगट किती हाय पावण्यांचं? माप असल्याबिगर कुठलाच पट्टा बसणार न्हाय."

"थांबा, मेसेज करून विचारते," म्हणत स्नेहलने मोबाइल काढला.

"ठेव ते!" गंगव्वा कडाडली. "कोल्हापुरात ऱ्हाऊन पुठ्ठ्याचा पट्टा घ्यायचा, आणि बळगाराच्या, बांगड्या भरणाऱ्याच्या घरात असून हाताचं माप इचारायचं? लोकं तोंडात शेण घालतील. पट्टा ज्ञानूकडनं करून घ्यायचा. माप माझ्यापाशी हाय."

तिघी रस्त्यावर आल्या. भर दुपारची गर्दी होती. दोन पावलं चालल्यावर दानेश्वरीला राहवलं नाही.

"अत्ती, कशाला हट्ट? इचारलं तर काय हुतंय? तुमचं माप आता..." आणि तिने जीभ चावली.

"आता काय?"

"काय न्हाय."

"गेलं म्हण की. बोळात सगळी म्हणत्यात, तूच तेवढी ऱ्हायलीस."

दानेश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला भ्या वाटतंय हो. माझी एकुलती एक पोरगी हाय. तिच्या चुड्यात काय झालं, तर मी जन्मभर त्येच उगाळत बसीन. तुमच्यावर राग न्हाय माझा, भ्या हाय."

हे खरं होतं आणि गंगव्वाला ते कळत होतं. म्हणूनच ती रस्त्यात, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी थांबली आणि म्हणाली, "मग ऐक. पोराचा हात मी एकदाच धरलाय. त्या मापानं पट्टा करते. साखरपुड्यात सगळ्यांम्होरं त्येच्या हातात बांधायचा. बसला, तर स्नेहलचा चुडा मी भरणार. न्हाय बसला, तर बोलीव तुझा सांगलीवाला, मी ताट धरून बाजूला बशीन. हाय कबूल?"

दानेश्वरीने नाक पुसलं. "कबूल."

"आणि मला कोणी इचारणार हाय का न्हाय?" स्नेहल म्हणाली. कोणी विचारलं नाही.

ज्ञानू चप्पल लाईनीतला जुना कारागीर. त्याच्या दुकानात चपला टांगलेल्या आणि खाली पाटावर तो बसलेला, समोर दगड, हातात चामडं कापायची रापी. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याचा वास तिथं असा भरून राहिलेला, की नाकाने पत्ता सापडावा. गंगव्वाची पहिली चप्पल त्याच्या बापाने केली होती. दोघं एकमेकांना अरे-तुरे करायचे.

त्याने चामड्याचे तीन तुकडे पुढे टाकले. गंगव्वाने मघासारखंच दुमडून, वास घेऊन, गालाला लावून बघितलं. वरून म्हशीचं पातळ सोललेलं आणि आतून मनगटाला लागेल तिथं शेळीचं मऊ, असं ठरलं. रंग मधाचा. घड्याळ पट्ट्याला धरतं ती खाच ज्ञानूने पट्टीने मोजली. इथवर सगळं झकास झालं.

"आता माप?"

गंगव्वाने कमरेच्या पिशवीतून एक हिरवी बांगडी काढली. पावणेतीनची, दुकानातली सगळ्यात मोठी. "ह्येच्या आतनं जेवढा घेर, तेवढा पट्टा. सुतानंबी कमी नको."

ज्ञानूने बांगडी हातात फिरवली. मग तिच्याकडे बघितलं. "गंगव्वा, जावई करतीयास का हत्ती? एवढं मनगट कुणाचं असतंय?"

"मी हात धरलाय त्येचा. तू धरलायस?"

"न्हाय, पर..."

"मग तू चपलीचं बघ, हाताचं मला सांगू नको."

ज्ञानूने खांदे उडवले. पन्नास वर्षांत तो एक गोष्ट शिकला होता, की गिऱ्हाइकाशी आणि त्यातून गंगव्वाशी वाद घालायचा नाही. "बरं बाई. करतो तसाच. मोठं कापून छोटं करता येतंय, छोटं वढून मोठं हुईत न्हाय. तीनच भोकं पाडतो. बाकीची बघू जावयाच्या हातावर."

"बाकीची लागणारच न्हाईत," गंगव्वा म्हणाली आणि ऐटीत पायऱ्या उतरली. बऱ्याच महिन्यांनी तिची मान ताठ झाली होती. गर्वाचं घर खाली म्हणतात, पण त्या घरात राहायला मजा येते हे कोणी सांगत नाही.

साखरपुडा उचगावच्या एका छोट्या हॉलमध्ये झाला. गडहिंग्लजहून दोन गाड्या भरून मंडळी आली. त्यांच्यात श्रीशैलचा चुलता रुद्रय्या होता. आवाज असा, की त्याला माइक दिला तर माइकला कमीपणा वाटावा. उतरल्या उतरल्या त्याने जाहीर केलं, की लग्नाचा डीजे त्याच्याकडून, आणि तसला डीजे उभ्या तालुक्यात न्हाय. हॉलच्या कोपऱ्यातल्या स्पीकरवर सनई लावलेली होती, ती त्याच्या बोलण्यापुढे बिचारी कुठेच ऐकू येत नव्हती.

विभूती लागली, साखरेच्या पुड्या दिल्या-घेतल्या गेल्या, अंगठ्या झाल्या. मग घड्याळाचं ताट आलं. पट्टा खरोखर देखणा झाला होता. मधाचा रंग, कडेने बारीक शिवण, हाताला लोण्यासारखा मऊ. बायकांनी तो एकमेकींना दाखवला. ज्ञानू जरीचा फेटा बांधून दुसऱ्या रांगेत बसला होता, त्याची छाती फुगली. गंगव्वा पुढे झाली. तिने श्रीशैलचा हात धरला, पट्टा गुंडाळला, सगळ्यात आतल्या भोकात बक्कल अडकवली आणि सगळ्यांना दिसावं म्हणून त्याचा हात वर उचलला.

घड्याळ सरसर घसरत कोपरापर्यंत गेलं.

रुद्रय्या खच्चून हसला. "पावणं, घड्याळ दिलंसा का दंडातली वाकी?"

सगळा हॉल हसायला लागला. त्यात वाईटपणा नव्हता. लग्नघरातलं हसू होतं ते. श्रीशैलही हसला. त्याच्या दोस्तांनी मोबाइल काढले. एक दानेश्वरी तेवढी हसली नाही. तिने मान खाली घातली आणि पदर तोंडाशी धरून बाजूला वळली. गंगव्वाला सगळ्या हॉलच्या हसण्यापेक्षा सुनेचं ते न हसणं झोंबलं. खरंच गेला हात, तिला वाटलं. चुडा गेला. सांगलीवाला येणार.

ती तशीच उभी राहिली, श्रीशैलचा हात हातात धरून. सोडायचं तिला सुचलं नाही. आणि हात धरलाच आहे, तर तिचा अंगठा सवयीने चालू लागला. अंगठ्याच्या मुळाशी दाबलं, करंगळीच्या बाजूचं हाड चाचपलं, बोटांचे सांधे एकत्र केले. पावणेतीन. पुन्हा चाचपलं. पावणेतीनच! केसभर इकडे नाही, तिकडे नाही. मग तिची नजर खाली त्याच्या मनगटावर गेली. बारीक, हडकुळं मनगट. तिने ते आज पहिल्यांदा बघितलं.

"अगं बाई," ती पुटपुटली. आणि मग मोठ्यांदा, "अगं बाई! माझीच चूक!"

"व्हय, दिसतीया की," रुद्रय्या म्हणाला.

"दिसत न्हाय तुमास्नी, गप ऱ्हावा." गंगव्वा आता थांबणार नव्हती. "बांगडी मनगटाला बसत न्हाय कधी. बांगडी हातातनं जाती. म्होरं गेली, की मनगट कसलं का असंना, कोण बघतंय? पन्नास वर्सं हात मापले मी. मनगट मापायची पाळीच कधी आली न्हाय. पट्ट्याला मनगटाचं माप लागतंय, आणि मी दिलं हाताचं!"

"पण हाताचं तरी बरोबर हाय कशावरनं?" कोणीतरी मागून म्हणालं.

गंगव्वाने कमरेच्या पिशवीत हात घातला. मापाला नेलेली ती हिरवी बांगडी अजून तिथंच होती. तिने श्रीशैलची बोटं जुळवली, अंगठा आत दाबला आणि कोणाला काही कळायच्या आत बांगडी सर्रकन त्याच्या हातात गेली. दुखलं नाही, अडली नाही. पंज्यावरून जाताना घट्ट नाही आणि सैलही नाही.

बायकांनी टाळ्याच पिटल्या. निळ्या सदऱ्यातला, हातात हिरवी बांगडी घातलेला नवरदेव बघून त्याच्या दोस्तांना तर हसून उभं राहवेना. श्रीशैल कानापर्यंत लाल झाला. "आज्जी, काढा आता," तो म्हणाला आणि स्वतःच ओढायला लागला.

बांगडी निघेना.

इथं जाणत्यांना सांगायला नको, की अचूक मापाची बांगडी घालणं निम्मं काम, काढणं पुरं काम. श्रीशैलने पुन्हा ओढली, हात आणखी ताठ झाला, सांध्यावर पांढरा वळ उठला. एक दोस्त म्हणाला, "फोड की लेका, दहा रुपयाची तर बांगडी." त्याबरोबर श्रीशैलच्या आईचा चेहरा पांढराफटक पडला. साखरपुड्यात, नवरदेवाच्या हातात बांगडी वाढवायची? हसू जागच्या जागी विरलं. रुद्रय्यासुद्धा गप्प झाला, म्हणजे प्रसंग किती बाका होता बघा.

"अत्ती," दानेश्वरी जवळ येऊन हलकेच म्हणाली, "साबण आणू?"

गंगव्वाच्या डोळ्यांपुढे वैशाखातलं ते रक्त आलं. इथं तडकली, तर चुडाच काय, पुन्हा दुकानात तोंड दाखवायला नको. पण साबण म्हणजे हार. तिने श्रीशैलला शेजारच्या खुर्चीवर बसवलं, आपण समोर बसली आणि त्याचा हात मांडीवर घेतला. तिने काही तरी विचारलं. त्याला ऐकू गेलं नाही. सनई वाजत होती, लोक कुजबुजत होते.

"ती सनई बंद करा आधी!" ती ओरडली. "आणि ती मोबाइलं खाली!"

सनई थांबली. हॉल शांत झाला.

"हं. आता सांग लेकरा," ती त्याचा हात चोळत म्हणाली. "कारखान्यात काय करतोस तू?"

"अं? रस तपासतो, आज्जी. उसाचा."

"म्हंजे कसं?"

"त्यात चुना किती, आंबटपणा किती, साखर किती, ते बघायचं असतंय. जरा चुकलं, की साखरेला रंग येतो."

"आणि गोड झाली का न्हाय, ते चमच्यानं चाखून बघतोस व्हय?"

श्रीशैल हसला. "न्हाय हो, मशीन असतंय."

"मशीनला काय कळतंय गोड? आमच्या हिच्याकडं बी मापाची कडी हायत, इचार तिला. मग रोज एवढी साखर बघतोस, घरी गेल्यावर च्या कसला पितोस?"

"बिनसाखरेचा," श्रीशैल म्हणाला आणि स्वतःच्याच उत्तराला खो खो हसला. त्याचा खांदा सैल पडला, दंड सैल पडला, मनगट सैल पडलं. आणि गंगव्वाच्या हातात हिरवी बांगडी होती. कधी निघाली, कशी निघाली, ते श्रीशैललाही समजलं नाही. तिने ती उजेडात धरून दाखवली. साधा चरासुद्धा नव्हता.

हॉलमध्ये जो गलका झाला तो विचारू नका. रुद्रय्याने चक्क शिट्टी मारली. पण गंगव्वाला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ती बांगडीकडे बघत बसली होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अत्ती? काय झालं?" दानेश्वरी घाबरली.

"दाना," ती म्हणाली. सुनेला ती लाडात आली, की दाना म्हणायची. "दाना, त्या वैशाखातल्या पोरीशी मी बोललेच न्हाय गं."

"म्हंजे?"

"दारात डीजे लावलाता. भिंती हादरत हुत्या. मी काय बोलले ते तिला ऐकू जाईना, ती काय म्हणाली ते मला ऐकू येईना. बोलल्याबिगर हात कसा मऊ पडायचा? पोरगी रडत हुती, हात लाकडागत. आणि मी तशीच भरत गेले. आठ म्हैनं झालं, मला वाटतंय हात गेला, हात गेला. हात न्हवता गेला. मी गप बसून भरलं, ती चूक झाली."

दानेश्वरीने सासूच्या हातातली बांगडी घेतली, पदराने पुसली आणि परत पिशवीत ठेवली.

तोवर ज्ञानूने फेटा काढून बाजूला ठेवला होता आणि हॉलच्या कोपऱ्यात बैठक मारली होती. रापी, आरी, भोकं पाडायचा पंच, सगळं तो पिशवीतून घेऊनच आला होता. "मला ठाऊक हुतं, हत्ती न्हाय म्हणून," तो म्हणाला. पट्टा त्याने दोन्ही बाजूंनी कापला, बक्कल उसवून नव्याने शिवली, टोक गोल केलं आणि श्रीशैलच्या हातावर धरून नेमकी भोकं पाडली. अर्ध्या तासात पट्टा तयार झाला. यावेळी बांधल्यावर ज्ञानूने गंगव्वाला खुणावलं. तिने पट्ट्याखाली करंगळी सरकवून बघितली. एक बोट गेलं, दुसरं गेलं नाही. श्रीशैलने हात वर केला, खाली केला, झटकला. निळी तबकडी जिथल्या तिथं. वेळ बघायला हात पसरायची गरज उरली नव्हती.

"बसला," तो म्हणाला.

"आता बसला," गंगव्वा म्हणाली, "तवा न्हवता बसला. पैज मी हरले. दाना, सांगलीला फोन कर. शब्द म्हंजे शब्द."

सगळ्यांना पैजेचं ऐकून घ्यायचं होतं. स्नेहलने ते चार वाक्यांत सांगून टाकलं. मग सगळे दानेश्वरीकडे बघू लागले. दानेश्वरीने पर्समधून मापाच्या कड्यांचा जुडगा काढला. क्षणभर गंगव्वाला वाटलं, ही आता सगळ्यांदेखत त्याने श्रीशैलचा हात तपासणार. पण तिने तो जुडगा श्रीशैलच्या हातात ठेवला.

"पावणं, ह्ये तुमच्या मशीनशेजारी ठेवा," ती म्हणाली. "आणि अत्ती, पैज पट्ट्याची हुती. चुडा काय चामड्याचा भरायचाय? सांगलीला मी कवाच फोन केलता, येऊ नका म्हणून."

"कवा?"

"घड्याळ कोपराला गेलं न्हवं, तवाच. तुमचं तोंड बघवंना मला."

म्हणजे तिने मान खाली घालून तोंडाशी पदर धरला होता तो फोन लावायला! गंगव्वाला हसावं की रडावं कळेना. तिने सुनेच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिथंच तिला कुशीत घेतलं.

राहिला प्रश्न डीजेचा. रुद्रय्याचं म्हणणं, ॲडव्हान्स दिलाय, डीजे तर वाजणारच. आणि तो आला, तो माघ महिन्यातल्या हळदीच्या दिवशी, ट्रकभर. त्याच्या भिंतीएवढ्या स्पीकरसमोर दानेश्वरी हळदीची साडी नेसून, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पोरांनी बटणाला हात लावायचा आणि तिने डोळे वटारायचे, असं पाऊण तास चाललं. रुद्रय्या तिच्या शेजारी उभा होता, अगदी कुजबुजत्या आवाजात पोरांना दम देत. जन्मात पहिल्यांदा तो कुजबुजत होता.

आत गंगव्वा नातीसमोर चुडा भरायला बसली होती. स्नेहलचे डोळे भरलेले होते आणि हात ताठ होता.

"काय गं," आज्जी म्हणाली, "त्या बिनसाखरेचा च्या पिणाऱ्याला तू कशी पटवणार हायस?"

स्नेहल रडता रडता हसली. पहिली बांगडी गेली. मग गंगव्वा बोलत राहिली, हत्तीच्या मनगटाबद्दल, कोपराला गेलेल्या घड्याळाबद्दल, पुठ्ठा विकणाऱ्या दुकानदाराबद्दल. नात हसत राहिली आणि बांगड्या एकामागून एक हातात जात राहिल्या. दोन्ही हात भरले. गंगव्वाने ते वर करून सगळ्यांना दाखवले. ताटात एकही काच पडली नव्हती.

मग तिने दाराकडे तोंड करून हाक मारली, "दाना! हं, लाव म्हणावं आता."